मखदूम बाबा काय काम करायचे?

गेल्या डिसेंबरात भाचीला माहीमच्या मेळ्याला घेऊन गेले होते. आकाशपाळणा झाला, हलवा-पराठा झाला, प्लास्टिकचा चमकणारा हेअरबँड घेऊन झाला, आणि मग आम्ही दर्ग्याकडे वळलो. बायकांच्या रांगेत गर्दी बरीच होती, लोबानचा धूर डोळ्यात जात होता, बाहेर कुठल्यातरी संदलचा, म्हणजे दर्ग्यावर चंदन आणि चादर घेऊन येणाऱ्या मिरवणुकीचा, बँड वाजत होता, आणि त्या सगळ्या गोंधळात ती मला म्हणाली, मावशी, हे बाबा काय काम करायचे? आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका खालांनी ते ऐकलं आणि वळून अगदी प्रेमाने तिला पाण्याची गोष्ट सांगितली. आईने रात्री पाणी मागितलं, बाबा लहान होते, ते पाणी घेऊन आले तोवर आईला झोप लागली होती, तिला उठवायचं कसं म्हणून ते भांडं हातात धरून रात्रभर तसेच उभे राहिले, पहाटे आईला जाग आली आणि तिने जी दुआ दिली त्याने ते एवढे मोठे झाले. भाचीने गोष्ट नीट ऐकून घेतली, आणि मग म्हणाली, हो, पण मोठे झाल्यावर काम काय करायचे? म्हणजे ऑफिस वगैरे? खाला हसल्या, रांग पुढे सरकली, विषय तिथेच संपला.

माझ्यापुरता तो संपला नाही. कारण प्रश्न अगदी बरोबर होता. माझं लहानपण माहीममध्ये गेलं, बुधवारी सेंट मायकलच्या नोव्हेनाची गर्दी, शितळादेवीची नवरात्र आणि डिसेंबरात बाबांचा मेळा हे आमचं वर्षाचं कॅलेंडरच होतं. दर्ग्याबद्दल सांगायला प्रत्येकाकडे काहीतरी असतं. मेळ्यातला पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, खाकी वर्दीतले इन्स्पेक्टर डोक्यावर चादरीचं तबक घेऊन चालताना मी कितीदा तरी पाहिलेत, आणि जिथे आज माहीम पोलीस स्टेशन आहे तिथेच बाबांचं घर होतं असं पोलीसही मानतात. नवस, मन्नत, हरवलेली वस्तू सापडणं, कोर्टकेस सुटणं, सगळं बाबांकडे. पण हा माणूस जिवंत असताना सकाळी उठून काय करायचा, कशावर डोकं खाजवायचा, कशासाठी जागायचा, याबद्दल चकार शब्द कोणी काढत नाही.

तर ते काझी होते. फकीह होते. कायदा शिकवायचे, कायद्यावर लिहायचे आणि कायद्याने निवाडे द्यायचे.

मखदूम अली माहिमी. जन्म 1372 च्या आसपास, मृत्यू 1431. म्हणजे मुंबई नावाचं शहर नव्हतं, पोर्तुगीज यायला अजून शंभर वर्षं होती, सात बेटं खाडीच्या पाण्यात सुटी सुटी पडलेली होती, आणि त्यातलं माहीम हे बंदर म्हणून महत्त्वाचं, गुजरातच्या सुलतानांचं उत्तर कोकणातलं ठाणं. त्यांचं घराणं नवायत, म्हणजे अरब समुद्रमार्गे येऊन किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या लोकांपैकी. मी स्वतः लॉ केलंय, दहा-बारा वर्षं फॅमिली कोर्टाच्या पायऱ्या चढले-उतरले, आणि त्यामुळे असेल कदाचित, हे कळल्यापासून मला त्या संगमरवराखालचा माणूस एकदम वेगळा दिसायला लागला. धूपाच्या धुरातला वली, म्हणजे संत, बाजूला राहिला आणि समोर भांडणारी दोन माणसं, हातात कागद, बाहेर उकाडा, खारा वारा आणि सुक्या मासळीचा वास, असा एक न्यायाधीश डोळ्यासमोर आला.

बंदरातल्या काझीकडे काय येत असेल याचा विचार करा. लग्नाचे करार, मेहेरचे वाद, वारसाहक्क. एखादा व्यापारी होर्मुझला माल घेऊन जायचा, पैसे दुसऱ्याचे, मेहनत याची. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायद्यात, याला किराद म्हणतात, नफा ठरलेल्या हिश्श्याने वाटायचा, आणि तोटा झाला तर भांडवल गेलं ते पैसेवाल्याचं, मेहनत करणाऱ्याची फक्त मेहनत वाया गेली. हे ऐकायला सोपं आहे, पण घोडे वाटेत मेले, अर्धा माल भिजला, अर्धा एडनला उधारीवर विकला, आणि परत आल्यावर पैसेवाला म्हणतो की तू खोटं बोलतोस, तेव्हा काझीला बसून ठरवावं लागतं की कोणाच्या शपथेवर विश्वास ठेवायचा. एखादा मेला तर आधी कर्ज फेडायचं, मग मृत्युपत्र असेल तर तेही एक तृतीयांशाच्या आत, मग मुलंबाळं असतील तर बायकोला एक अष्टमांश, आईला एक षष्ठांश, उरलेलं मुलांत, मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. अपूर्णांकांचं गणित आहे हे सगळं. मदरशांत हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जायचा, कारण भावना उफाळलेल्या असताना गणित चुकून चालत नाही, हे मला फॅमिली कोर्टात बसून चांगलंच कळलंय.

आणि मग समुद्रात बेपत्ता झालेल्यांच्या बायका. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जातच नाही. जहाज गेलं, दोन पावसाळे झाले, तीन झाले, नवरा आला नाही, मेल्याचीही खबर नाही. तिने काय करायचं? दुसरं लग्न करायचं की नाही, किती वाट बघायची? सुन्नी कायद्याचे चार पंथ, त्यातल्या ज्या शाफई पंथाचे माहिमी फकीह होते त्याच्या इमामाची या प्रश्नावर दोन मतं आहेत, एक जुनं आणि एक नवं. इमाम शाफई म्हणजे 767 साली गाझामध्ये जन्मलेला, बाप लवकर गेलेला, विधवा आईने मक्केत गरिबीत वाढवलेला मुलगा, मदिनेत इमाम मालिकांकडे शिकला, यमनमध्ये राहिला, बगदादमध्ये नाव झालं, आणि शेवटची काही वर्षं इजिप्तमध्ये, तिथेच 820 ला गेला. इजिप्तला गेल्यावर त्याने आपलीच कितीतरी मतं बदलली, म्हणून शाफई फिक्हमध्ये आजही 'कदीम' आणि 'जदीद' असे दोन कप्पे आहेत. बेपत्ता नवऱ्याबद्दल कदीम मत असं की चार वर्षं थांबावं, मग इद्दत, म्हणजे विधवेने पाळायची ठरलेली मुदत, मग ती मोकळी. जदीद मत असं की त्याचा मृत्यू नक्की कळेपर्यंत तिने थांबावं. म्हणजे नवं मत जास्त कठोर! माहीमच्या किनाऱ्यावर उभी असलेली बाई कुठल्या मतात अडकली असेल, आणि समोर बसलेल्या काझीने काय केलं असेल? नियम माहीत असणं वेगळं आणि ती बाई समोर रडत असताना तो नियम वाचून दाखवणं वेगळं. पुढे 1939 साली आपल्याकडे मुस्लिम स्त्रियांसाठी विवाहविच्छेदाचा कायदा झाला त्यातलं पहिलंच कारण आहे, चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसणं. कितीतरी शतकांचं ते थांबणं कायद्याच्या एका ओळीत आलं, आणि तेही कित्येक उलेमांनी इतर पंथांचं मत उचलून पुढे रेटलं म्हणून.

कोकणी मुसलमान शाफई का, हे कोकणात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. उत्तरेकडून घोड्यावरून जे आले ते बहुतेक हनफी, आणि यमनकडून, दक्षिण अरबस्तानातून गलबतातून जे आले ते शाफई, म्हणून माहीमपासून खाली रत्नागिरी, भटकळ, केरळपर्यंत सगळी किनारपट्टी शाफई. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1342 च्या सुमारास या किनाऱ्याने गेला, तोही मुळात मालिकी कायद्याचा माणूस, दिल्लीत काझी राहिलेला. त्याने होन्नावरबद्दल लिहून ठेवलंय की इथले लोक शाफई आहेत, बायकांना कुराण पाठ आहे, आणि गावात मुलींच्या 13 शाळा आणि मुलांच्या 23 शाळा आहेत. मुलींच्या तेरा शाळा! चौदाव्या शतकात! माहिमींचा जन्म यानंतर तीस वर्षांचा, आणि त्यांची आई फातिमा हीच त्यांची पहिली शिक्षिका असं सगळ्या चरित्रांत येतं. होन्नावरचं वाचल्यावर ते मला नुसतं भक्तिभावाचं वाक्य वाटत नाही. या किनाऱ्यावर शिकवू शकणाऱ्या आया होत्या.

माझी एक मैत्रीण दापोलीकडची, कॉलेजपासूनची. तिच्या घरी मी पहिल्यांदा जेवले तेव्हा ताटात तांदळाची भाकरी, कोळंबीचं सालन आणि तिसऱ्या होत्या, आणि तिचे हैदराबादकडून आलेले एक नातेवाईक तिसऱ्यांकडे बघून जरा मागे सरकले. तेव्हा तिच्या अम्मीने मला समजावलं की त्यांच्याकडे समुद्रातली फक्त मासळीच चालते, कोळंबीवरसुद्धा त्यांच्या आलिमांचे वाद आहेत, आपल्याकडे समुद्राने दिलेलं जवळजवळ सगळं हलाल, आपण शाफई ना. त्या 'आपण'मध्ये तिने मलाही धरलं होतं, मी चित्पावनांच्या घरातली हे माहीत असून. माकुल चालतं, शेवंड चालते, कालवं चालतात. खेकड्यावर मात्र शाफईंतसुद्धा एकमत नाही, कारण तो जमिनीवरही राहतो आणि पाण्यातही, आणि त्या दुपारी अब्बा एक बोलत होते, अम्मी दुसरं, आणि तिचा भाऊ निमूटपणे नांगी फोडत होता. तेव्हा ते मला घरगुती गंमत वाटलं. आता वाटतं की माहिमींचं खरं काम असं चालू आहे, ताटात, नमाजच्या वेळेत, आमीन मोठ्याने म्हणायचं की मनात यात. मैत्रीण मुंबईत नोकरी करायची तेव्हा अस्रची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, वेळ तिची आधी व्हायची आणि शेजारच्या टेबलावरच्या हनफी सहकाऱ्याची नंतर, कारण शाफई मतानुसार सावली वस्तूएवढी झाली की अस्र सुरू, हनफी मतात ती दुप्पट व्हायला लागते. एकाच ऑफिसात सूर्य दोन प्रकारे मोजला जात होता आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

पण नुसते निवाडे देऊन थांबणारा हा माणूस नव्हता, आणि इथे मला खरी ओढ वाटायला लागते. त्यांनी कुराणावर संपूर्ण टीका लिहिली, अरबीत, 'तबसीरुर रहमान', लोक तिला तफसीर-ए-माहिमी किंवा रहमानी म्हणतात. हिंदुस्थानात लिहिल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पूर्ण अरबी तफसीरांपैकी ती एक, आणि ती लिहिली गेली दिल्लीत नाही, दौलताबादेत नाही, तर माहीममध्ये, चिखलाच्या खाडीकाठी. या टीकेचं वैशिष्ट्य असं की एक आयत दुसरीशी कशी जोडलेली आहे हे ते दाखवत जातात. कुराण वरवर वाचणाऱ्याला विषय एकदम बदलल्यासारखा वाटतो, मधेच कायदा, मधेच गोष्ट, मधेच निसर्ग, आणि माहिमी म्हणतात की नाही, इथे धागा आहे, बघ. आणि एक सोडून प्रत्येक सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, सुरुवातीला जे 'बिस्मिल्लाह' येतं, तेच ते शब्द, त्याचा अर्थ ते दर वेळी त्या सूरेच्या विषयाला धरून वेगळा लावतात. शंभराहून जास्त वेळा तेच शब्द आणि प्रत्येक वेळी नवं वाचन! ज्याने ज्ञानेश्वरी वाचली आहे त्याला हे सुख कळेल, एका श्लोकावर माउली कशी थांबते, वळते, मागचा धागा पुढे आणते. माहिमींच्या जन्माआधी शंभर वर्षं पण नाही झाली, नेवाशात ते काम झालं होतं. मी दोघांची तुलना करत नाही, दोन्ही माणसं आपापल्या जगात उभी आहेत, एवढंच की या मातीत ग्रंथाला हात घालण्याची हिंमत तेव्हा वेगवेगळ्या भाषांत चालू होती. पुढे 1878 च्या सुमारास ही तफसीर कैरोजवळच्या बुलाकच्या प्रसिद्ध छापखान्यात छापली गेली. म्हणजे माहीमचं पुस्तक इजिप्तने छापलं, जिथे इमाम शाफईची कबर आहे त्या गावाने.

दुसरी गोष्ट, जी मला अजून नीट पेलत नाही. हा कायद्याचा माणूस इब्न अरबीचा चाहता होता. इब्न अरबी म्हणजे वहदतुल वुजूदवाला, सगळं अस्तित्व एकच म्हणणारा, 1240 ला दमास्कसमध्ये वारला, आणि त्याच्यानंतर मोठमोठ्या कायदेपंडितांनी, इब्न तैमियासारख्यांनी, त्याच्यावर कडक टीका केली. माहिमींनी त्याच्या 'फुसूस'वर भाष्य लिहिलं, त्याच्या शिष्याच्या ग्रंथावर लिहिलं, सुहरावर्दींच्या 'अवारिफ'वर लिहिलं. सकाळी एक अष्टमांश आणि एक षष्ठांश, आणि रात्री 'सगळं एकच आहे'. हे एका डोक्यात कसं राहत असेल? मला कोर्टाच्या दिवसांत हे फार जाणवायचं, दिवसभर हे तुझं, हे तिचं, पोर शनिवारी याच्याकडे, रविवारी तिच्याकडे, आणि घरी येऊन आजी अद्वैताचा अभंग म्हणताना ऐकायचा, तेव्हा वाटायचं की दोन्हीतलं एक नक्की खोटं आहे. माहिमींना तसं वाटलं नसावं. त्यांनी एक पुस्तक खास यासाठीच लिहिलं, 'इनामुल मलिकुल अल्लाम', शरियतच्या हुकमांच्या मागे काय हिकमत आहे, कुठला नियम कशासाठी आहे, हे सांगणारं. नियम आहे म्हणून पाळा, एवढ्यावर ते थांबत नाहीत, कारण काय ते विचारतात. याच विषयावर दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांचा ग्रंथ जगभर गाजला, पण तो तीनशे वर्षांनी.

त्यांची शेवटची वर्षं शांत गेली नसणार. 1429 च्या सुमारास माहीमचा गुजरातचा सुभेदार मेला आणि बीदरच्या बहामनींच्या सरदाराने, मलिक उत-तुज्जारने, माहीम घेतलं. गुजरातच्या सुलतानाने मुलाला आरमार देऊन पाठवलं आणि परत घेतलं. दोन्ही सुलतानांचं नाव अहमदशाहच, एक बीदरचा, एक अहमदाबादचा. दोघेही मुसलमान, लढाई बंदराच्या जकातीची आणि किनाऱ्याची. साठीकडे आलेला काझी, आयुष्यभर हक्क कोणाचा ते ठरवत आलेला, त्याच्या गावावर हक्क कोणाचा हे तलवारीने ठरताना बघत होता. त्यावर त्यांनी काय म्हटलं असेल ते त्यांच्याबरोबर गेलं.

आणि त्यानंतर सतराच वर्षांनी, 1448 मध्ये, शके 1370, याच परिसरात मालाडच्या नायकोरावांच्या पुढाकाराने केशवाचार्य महिकावतीच्या बखरीतला सगळ्यात जुना भाग लिहीत होते. राजवाड्यांनी 1924 ला ती बखर छापली म्हणून आपल्याला माहीत. 'महाराष्ट्र धर्म' हा शब्द जिच्यात येतो ती ही बखर. त्यांच्या बाजूने बघितलं तर राज्य गेलेलं आहे, लोक विस्कटलेत, कुळं कोणती, मान कोणाचा, वतन कोणाचं हे विसरलं जातंय, म्हणून लिहून ठेवायला हवं. त्या दुःखात माहिमींसारखा काझी हा गेलेल्या राज्याच्या जागी आलेल्या राज्याचा माणूस आहे, आणि ते मला नजरेआड करायचं नाही. मी दोघांचीही वारस आहे असं मला मनापासून वाटतं आणि त्यात सोय नाही, खूपच अवघड जागा आहे ती. पण एक गोष्ट डोळ्यात भरते. दोघंही एका दिवसाच्या वाटेवर, एकाच पावसात, हक्क आणि मर्यादा कोणत्या, विसरलं तर काय होईल, हेच लिहीत बसले होते, एक अरबीत, एक मराठीत, आणि एकाने दुसऱ्याचं वाचण्याची काही सोय नव्हती.

आज आहे. तरी आपण वाचत नाही.

पाण्याची गोष्ट मात्र सगळ्यांना येते, आणि मला त्या गोष्टीचा राग नाही. तीच गोष्ट इराणातल्या बायजीद बिस्तामीबद्दलही सांगतात, त्याची आई, तोच पाण्याचा घडा, तीच झोप, म्हणजे ती गोष्ट समुद्रावरून फिरत फिरत माहीमला आली असणार. आणि इथे आल्यावर तिला लगेच घर मिळालं कारण इथे पुंडलिक आधीच होता, आईबापाचे पाय चेपताना देवाला विटेवर उभं करणारा. समुद्रकिनारी ख्वाजा खिज्र, गोष्टींतले अमर गुरू, रोज येऊन शिकवायचे, मुलाला परदेशी शिकायला जायचं होतं पण आईला तो लांब जायला नको होता म्हणून, ही दुसरी गोष्टही किती गोड आहे. पण या दोन्ही गोष्टी एक काम गुपचूप करून टाकतात, शिकण्यातले कष्ट काढून घेतात. दुआ मिळाली आणि विद्या आली. दिव्याच्या उजेडात हस्तलिखितं उतरवून काढली, डोळे गेले, एडनहून येणाऱ्या जहाजातल्या कोणाकडे एखादं पुस्तक आहे का म्हणून बंदरावर जाऊन चौकशी केली, असलं काही गोष्टीत येत नाही. माझ्या कल्पनेत मात्र तेच येतं. दर्ग्यात त्यांच्या कबरीशेजारी आईची कबर आहे, आणि मी तिथे उभी असते तेव्हा मला दुआ देणारी आई कमी आणि अक्षर गिरवून घेणारी, चुकलं की पुन्हा म्हणायला लावणारी आई जास्त दिसते.

आता एक खटला सांगते, कारण तो आठवल्याशिवाय माझं या माणसावरचं प्रेम मला खरं वाटणार नाही. 1864, मुंबई हायकोर्ट. एक मुलगी, शाफई घरातली. शाफई मतानुसार कुमारी मुलीचं लग्न तिच्या वलीशिवाय, इथे वली म्हणजे पालक, बाप, होत नाही. तिने काय केलं, ती वयात आल्यावर म्हणाली की मी आता हनफी मत मानते, आणि हनफी मतात सज्ञान मुलगी स्वतःचं लग्न स्वतः ठरवू शकते. बापाच्या संमतीशिवाय तिने लग्न केलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि कोर्टाने तिचं लग्न कायदेशीर ठरवलं. पर्सनल लॉच्या पुस्तकात ही केस दोन ओळींत येते, परीक्षेला येते, आम्ही पाठ केली होती. पण विचार करा, मुंबईतली एक पोरगी, 1864 साली, तिला एवढं माहीत होतं की चार पंथ आहेत, प्रत्येकाचं मत वेगळं आहे, आणि एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत जाता येतं. माहिमींच्या पंथाच्या दारातून ती बाहेर पडली. त्यांच्यासमोर ती आली असती तर निकाल बहुतेक तिच्या विरुद्ध गेला असता. ज्याला आईने घडवलं त्याच्या फिक्हमध्ये मुलीचा शब्द बापाच्या शब्दाशिवाय पुरा होत नव्हता, आणि हे मला टोचतं, आणि मी ते टोचू देते.

पण याच कारणासाठी मला ते काझी म्हणून परत हवे आहेत. संत म्हणून पुजलेल्या वलीसमोर मी फक्त मान झुकवू शकते. फकीहशी वाद घालता येतो, त्याची सगळी हयातच वादात गेलेली असते, त्याच्या पंथाच्या संस्थापकाने तर स्वतःचीच मतं खोडून दाखवलेली असतात. नियमामागे कारण असतं असं ज्याने पुस्तकभर मांडलं, त्याला मी विचारू शकते की बाबा, या नियमामागचं कारण सांगा, आणि ते कारण आज उरलंय का तेही सांगा. क्रॉफर्ड मार्केटकडून भायखळ्याकडे जाणारा अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल आहे, त्याचं अधिकृत नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल. सगळे त्याला जेजे फ्लायओव्हर म्हणतात. नावाची पाटी आहे, पोलिसांची सलामी आहे, मेळा आहे, चादरी आहेत, मानात काहीच कमी नाही. वाचक कमी आहेत. त्यांच्या तफसीरची प्रस्तावना जरी कोणी चांगल्या मराठीत आणली तरी मी पहिली प्रत घेईन, आणि मला खात्री आहे की कोकणातल्या किती घरांत ती चढाओढीने वाचली जाईल.

तोवर मी आणि दापोलीची मैत्रीण आमच्या परीने सुरुवात केलीय. तिच्या घरात आजोबांच्या वेळचं शाफई फिक्हचं एक उर्दू पुस्तक आहे, पानं पिवळी, कोपरे वाळवीने खाल्लेले, रविवारी रात्री ती फोनवर त्यातलं थोडं थोडं वाचते आणि मी मराठीत लिहून घेते. फिक्हची पुस्तकं बहुधा पाण्याच्या प्रकरणाने सुरू होतात, कुठलं पाणी शुद्ध आणि कुठलं नाही. शाफई मत असं की पाणी दोन कुल्ल्यांहून (कुल्ला हे पाण्याचं जुनं माप) कमी नसेल तर त्यात नुसतं काही अशुद्ध पडलं म्हणून ते बाटत नाही, रंग, चव किंवा वास बदलला तरच बाटतं. हनफींचा हिशोब वेगळा, ते हौदाची लांबी-रुंदी हातांनी मोजतात. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद, कोकणी मुसलमानांनी बांधलेली, 1802 ची, ती तर जुन्या तळ्यावरच उभी आहे, मासे फिरतात त्या पाण्यात आणि लोक पायरीवर बसून वजू करतात, तिथे दोन्ही हिशोब आरामात पुरे होतात. आमचं अडलंय ते घरातल्या पाण्यावर. दोन कुल्ले म्हणजे आजच्या मापात साधारण दोनशे लिटर, असं तिचं पुस्तक नाही पण तिचा भाऊ म्हणतो, अम्मी म्हणते की एवढं मोठं पिंप तर आपल्या न्हाणीघरात कधीच नव्हतं, मग इतकी वर्षं आपण काय करत होतो, आणि अब्बांनी मशिदीतल्या मौलवींना विचारायचं कबूल केलंय.